एका फळीचं माप

३ फेब्रुवारी

ठोक्या,

अनेक आशीर्वाद. तू पन्नाशी ओलांडलीस तरी तुझी आक्का तुला ठोक्याच म्हणते, आणि बायकोच्या भावाला नावं ठेवायचा हक्क मीही सोडणार नाही. फोन केला की तू पलीकडून नुसता "हो हो" म्हणतोस आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. गोदीत होड्या ठोकून ठोकून कान घालवलेस, पण अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

मला निवृत्त होऊन सात महिने झाले. वजनमापं तपासत होतो तोवर दिवसाला दहा दुकानं व्हायची. आता घरात काटा एकच, स्वयंपाकघरातला. तो रोज तपासायला लागलो तेव्हा आक्का म्हणाली, "झालं असेल तर मला पीठ मोजू द्या." तेव्हापासून मी रिकामटेकडा.

आता काम सापडलं आहे. घरामागचा लाकडी ओटा. लेक त्याला डेक म्हणते. तू आणि मी मिळून बांधला त्याला बावीस वर्षं झाली. रंग उडून फळ्या राखाडी पडल्यात. तू शिकवल्याप्रमाणे पाण्याचा थेंब टाकून बघितला, लाकडानं तो गटकन पिऊन टाकला. म्हणजे तहानलेलं आहे. तेव्हा धुणं, वाळवणं, घासणं आणि मग तेलातल्या रंगाचे दोन हात, असा बेत आहे.

आता एक बोलतो, रागावू नकोस. गेल्या वर्षी तू आठ दिवस राहून सगळ्या फळ्या आवळून गेलास. तू गेल्यापासून तिसरी फळी पाय पडला की कुरकुरते. सातव्या फळीचा खिळा डोकं वर काढून बसलाय. पायऱ्यांकडून दुसऱ्या फळीवर रंधा मारायचा तू विसरलासच, पायाला नुसती खरबरीत लागते. पूर्वीचा हात राहिला नाही तुझा, ठोक्या. वय कोणाला चुकलंय.

एप्रिलमध्ये लेक येणार आहे. आम्ही दोघं इथे एकटे, तिकडे तिच्या दहाव्या मजल्यावर चला, हे तिचं पालुपद तुला माहीत आहे. गेल्या खेपेला मी तिला ठणकावून सांगितलं की दोघांपैकी एकालाही जमेनासं झालं त्या दिवशी मी स्वतः घराला कुलूप लावीन, तोवर हा विषय नको. ती आली की पहिली मागच्या दारी जाणार. तिला ओट्यावर बोट ठेवायला जागा सापडता कामा नये.

कुठला रंग, किती नंबरचा पॉलिशपेपर, सविस्तर कळव. आक्का समोरच बसली आहे. म्हणते, त्याला विचारा गुडघा कसा आहे.

तुझा,
दाजी

१० फेब्रुवारी

दाजींना नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खाली बसलो की उठवायला माणूस लागतो, म्हणून उभ्यानेच.

पत्र मिळालं. आक्काला सांगा, गुडघा आहे तिथेच आहे.

ओट्याचं म्हणाल तर तुमचं म्हणणं खरं आहे. माझा हात गेला. गोदीतले लोकही हेच म्हणायचे, म्हणून तर घरी बसवलं. तिसरी फळी, सातवा खिळा आणि ती खरबरीत फळी ही माझीच पापं, ती मलाच निस्तरू द्या. पावसाळा सरला की मी येतो. तोवर हात लावू नका. आत्ता उन्हाळ्याच्या तोंडाला लाकूड आखडलेलं असतं. अशा दिवसांत खिळा आत ठोकला तर फळी उभी चिरते. रंगही धरत नाही.

अगदीच हात शिवशिवत असतील तर कठडा घासून रंगवा. लाकडाच्या नसेच्या दिशेनं घासा, आडवं नाही. रंग पातळ लावा आणि उरलेला फडक्यानं पुसून घ्या. ती फडकी बोळा करून टाकू नका, तेलाची फडकी आपोआप पेट घेतात. उन्हात पसरून वाळवा.

पण चालायच्या फळ्यांना हात लावू नका. एवढं माझं ऐका. आक्का, तू पण सांग त्यांना.

ठोक्या

१८ फेब्रुवारी

ठोक्या,

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्वी आक्का माझ्या हातातून ओढून आधी स्वतः वाचायची. हल्ली म्हणते, चष्मा आत राहिला, तुम्हीच वाचा. म्हातारपणी बायका नवऱ्याकडून कामं करून घ्यायला शिकतात. मी खूश आहे, कारण त्या निमित्ताने ती समोर बसून ऐकते तरी.

"तू पण सांग त्यांना" हे वाचलं तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मी काय सांगणार? तुम्हाला हवं ते करा."

आता तुझी खोड काढतो. तुझं ते आखडलेलं लाकूड घेऊन मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार हसायलाच लागला. म्हणाला, कोरडं ऊन हाच तर या कामाचा मोसम, पावसाळ्यानंतर फळ्या ओल्या राहतील आणि रंग पापुद्र्यानं निघेल. डब्यावरही तेच छापलंय. एवढा जुना जाणता सुतार तू, असं कसं लिहिलंस? का मी स्वतः ओटा नीट केला तर तुझी अब्रू जाईल असं वाटतं? तसं मी कुठे कोणाला सांगत फिरणार आहे!

आणि घाईचं कारणही आहे. आक्का अलीकडे ओट्यावर अनवाणी फिरते. म्हणते, फळ्यांचा गारवा बरा वाटतो. भिंतीला हात लावत सावकाश जाते, नव्या नवरीसारखी. परवा मी बघितलं, सातव्या फळीशी थांबून ती पायानं तो खिळा चाचपत होती. एक दिवस गंजका खिळा पायात घुसेल आणि मग काय करायचं? तेव्हा खिळा सगळ्यात आधी आत.

बाकी तिची तब्येत छान आहे. थोडी वेंधळी झाली आहे. काल चहा कपात ओतता ओतता बशी भरून टेबलावर आला. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? म्हणाली, तुमच्याकडे. चाळीस वर्षांनी असं कोणी म्हणत असेल तर टेबल पुसायला माझी काही हरकत नाही.

भाड्याचं घासायचं मशीन शनिवारी येतं आहे.

दाजी

२४ फेब्रुवारी

(हे पत्र पाकिटात घातलं गेलं, पण पेटीत पडलं नाही.)

दाजी,

मशीन परत पाठवा.

गेल्या वर्षी मी आलो होतो तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला कळलं. तुम्ही बाजारात गेला होता. आक्का सुईत दोरा ओवत होती आणि सुई तिनं दोनदा चुकीच्या बाजूला शोधली. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तुम्हाला सांगितलं होतं, बहीणभाऊ जुन्या शिक्षकांना भेटायला चाललो. काचबिंदू निघाला, दाजी. कडेची नजर गेलेली आहे. ती म्हणते, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं, आणि ते भोकही लहान होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जमेल तितकी टिकवायची. औषध तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली आहे.

परत येताना रिक्षात तिनं माझा हात धरून वचन घेतलं. कुलपाचं ते बोलणं तुम्ही लेकीशी त्याच आठवड्यात केलं होतं. ती म्हणाली, "ह्यांना कळलं की हे दुसऱ्या दिवशी कुलूप लावतील. तिकडे दहाव्या मजल्यावर मला काही ओळखीचं नाही. मी खुर्चीत बसून मरेन. इथे मला पायांनी दिसतं." असंही म्हणाली की ह्यांना चूक सापडली की ती दुरुस्त करेपर्यंत झोप लागत नाही, आणि माझी चूक दुरुस्त होण्यातली नाही, मग हे झुरणीला लागतील.

म्हणून मी ओटा बिघडवला. तिसऱ्या फळीचे स्क्रू सैल केले, म्हणजे ती वाजली की दार मागे राहिलं. सातव्या फळीवर खिळा बोटभर उचलला आणि त्याचं डोकं कानस मारून गुळगुळीत केलं, तो लागत नाही. शेवटून दुसरी फळी खरबरीत ठेवली, म्हणजे पुढे काठ आला. शिवाय सुतळीला गाठी मारून तिची पावलं मोजली, दारापासून काठापर्यंत बरोबर बारा. दोन दुपारी आम्ही तेवढंच केलं. मला काही ऐकू येत नव्हतं, तीच सांगायची, "हं, वाजली. अजून थोडी सैल कर."

चाळीस वर्षांत मी मुद्दाम केलेलं वाईट काम हे एवढंच. तुम्ही नावं ठेवता ती मी खुशाल ऐकून घेतो.

हे सगळं लिहिलं खरं. पण तुम्ही ते मोठ्यानं वाचाल आणि ती समोर बसलेली असेल. माझं वचन तिच्या तोंडावर तुमच्याच आवाजात मोडेल. आणि मग तुम्ही कुलूप लावाल.

ठोक्या

२५ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

रंगाचा दुकानदार बरोबर, मी चुकलो. वय झालं. तुमचा ओटा, तुमची मर्जी. करायचंच तर एक करा, ओटा जेवढा आहे तेवढाच राहू द्या, मापात काही बदल करू नका. आणि काम झाल्यावर पहिले काही दिवस आक्काला हात धरून न्या. ताजा रंग निसरडा असतो.

आक्का, जपून. मोजून पाऊल टाक.

ठोक्या

९ मार्च

ठोक्या,

फत्ते! कालच दुसरा हात झाला. काय दिसतो म्हणून सांगू, पिकल्या चिंचेसारखा तांबूस तपकिरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. पंधरा दिवस कंबर मोडून काम केलं. तिसरी फळी चार नव्या स्क्रूंनी जखडली, आता तिच्यावर हत्ती नाचला तरी ती तोंड उघडणार नाही. तुझा तो खिळा आत ठोकून वरचा खड्डा लांबीनं बुजवला. खरबरीत फळीवर मशीन असं फिरवलं की गालाला लावावी. फडकी उन्हात पसरली. तुझं सगळं ऐकलं, बघ.

एक सोडून. तुलाच सांगतो, हसू नकोस. अगदी काठाची फळी खालून कुजलेली निघाली. नखानं दाबली तर नख आत गेलं. तसलं रुंद लाकूड आता इथे मिळत नाही, आणि शेवटचा वासाही टोकाला पोकळ झाला होता. मग ती फळी काढूनच टाकली, वासा कापला आणि पायऱ्या आत सरकवून घेतल्या. ओटा सहा इंचांनी आखूड झाला. "मापात पाप" म्हणून जन्मभर लोकांवर ओरडलो आणि माझंच माप कमी भरलं! आक्काला सांगितलेलं नाही. तिनं चेष्टा करून भंडावून सोडलं असतं. एका फळीनं काही बिघडत नाही, आणि तिच्या लक्षातही आलेलं नाही.

काल संध्याकाळी मी तिला दारात बोलावलं. रंग ओला होता, परवापर्यंत कोणी चालायचं नाही. तिनं उंबऱ्यावरून अंगठा तेवढा पहिल्या फळीला लावला. म्हणाली, "किती गुळगुळीत केलंत हो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ठोक्या, नोकरीत असताना मला बक्षीस म्हणून एक पितळेचा काटा मिळाला होता, तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, ठोक्याला लिहा, मी मोजून पाऊल टाकते.

दाजी

१५ मार्च

दाजी,

पत्र काल मिळालं. मिळाल्या मिळाल्या शेजारीणबाईंना तुमच्याकडे फोन लावायला सांगितलं. चार वेळा लावला, त्या म्हणतात, नुसती घंटा वाजते. आज सकाळी परत लावला. तुम्ही कुठे आहात?

ती फळी परत लावा. लाकूड नसेल तर दाराची फळी काढून लावा, काहीही लावा. ते होईपर्यंत आक्काला एकटीला ओट्यावर सोडू नका. सोबत गेल्या महिन्यात लिहिलेलं एक पत्र जोडतो आहे. ते मोठ्यानं वाचू नका. आधी एकट्यानं वाचा आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या.

मी निघायच्या तयारीत आहे.

ठोक्या

२२ मार्च

तुझी दोन्ही पत्रं परवा घरी येऊन पडली होती. मी कपडे न्यायला गेलो होतो.

ती बारा तारखेला सकाळी पडली. कपड्यांची बादली घेऊन निघाली होती. मी आत दाढी करत होतो. तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मला वाटलं, गाणं म्हणते आहे. मग बादलीचा आवाज आला. पळत गेलो तर ती पायऱ्यांच्या खाली, आणि ओले कपडे सगळे अंगावर. मला म्हणाली, "बारा झाली नव्हती." मला वाटलं, वेळ विचारते आहे. मी सांगितलं, अजून नऊपण वाजले नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. लेक आली आहे.

तुझं पत्र दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. मग घरी परत जाऊन शिवणाचा डबा उघडला. बटणांच्या खाली बाटली होती, अर्धी संपलेली. एक वर्ष ती माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत औषध घालत होती आणि मला पत्ता नाही. तुला माहीत होतं. तुला लाकडाबद्दल खोटं लिहायला सुचलं, पण खरं लिहायला सुचलं नाही. मी विनोद करत राहिलो आणि तू तिकडे बसून ते वाचत राहिलास.

तू येऊ नकोस. पत्रही पाठवू नकोस. मला तुझं अक्षर बघवत नाही.

५ एप्रिल

ठोक्या,

अक्षर ह्यांचं आहे, बोलते आहे मी. पूर्वी हे तुझी पत्रं मला वाचून दाखवायचे, आता माझं लिहून घेतायत. बढती झाली त्यांची.

आधी सांग, गुडघ्याला तेल लावतोस का? लावत नसशील. लाव.

तू वचन पाळलंस याचा मला राग नाही. हे तुझ्यावर रागावलेत ते मला कळलंय. (मी लिहिलं नाही म्हटलं, तर म्हणते, लिहा. लिहिलं.) ह्यांनी तुला येऊ नकोस म्हणून सांगितलं ना? ते खरं धरू नकोस. ह्यांना राग आला की ह्यांचा काटा एका बाजूला अडकतो, टिचकी मारावी लागते.

मशीन आलं त्या दिवशी मी दारात उभी होते. "थांबा" एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो तोंडात आला होता. पण हे गुणगुणत होते रे. नोकरी सुटल्यापासून हा माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा आणि त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर भुसा होता आणि हे गुणगुणत होते. मला वाटलं, फळ्या गेल्या तर गेल्या, पावलं आहेत. तुझी बारा मला पाठ होती. रंग वाळेपर्यंत तीन दिवस खोलीतल्या खोलीत सराव केला. मग अकरा झाली, आणि बारावं टाकलं तर खाली काही नव्हतं. मला वाटलं, मीच चुकले मोजायला.

(इथे मी थांबलो. म्हटलं, मोजायला तू चुकली नव्हतीस, मी फळी काढली होती. ती म्हणाली, ते मला माहीत आहे आता, रडू नका, कागद भिजेल.)

(मी विचारलं, एकदा मला सांगून तरी बघायचं होतं. ती म्हणाली, कुलूप कोण लावणार होतं? मी म्हटलं, अगं, ते मी लेकीचं तोंड बंद करायला बोललो होतो. मला कुठे जायचं होतं दहाव्या मजल्यावर? ओटा घासला तोही तिनं आपल्याला इथून हलवू नये म्हणून. त्यावर तिनं माझा हात जवळ ओढला. माझी बोटं चाचपत बसली.)

लिहा पुढे. ठोक्या, आम्ही दोघंही मूर्ख. चाळीस वर्षं ताटाला ताट लावून जेवलो आणि एकमेकांना एवढं साधं विचारलं नाही. तू आपला बहिरा, पण तूच बरा.

मी घरी गेले की तू ये आणि फळी परत घाल. तिसरी पुन्हा वाजती कर. ह्यांच्या देखत कर आता. चोरून नको.

तुझी आक्का

(ती झोपली. माझ्याकडून दोन ओळी. ताप चार दिवस उतरत नाही. छातीत पाणी झालंय म्हणतात. मी तुला लिहिलेलं मागचं पत्र फाडून टाक आणि हे मिळताच नीघ. तिनं तुला हाक मारली की इथे कोणीतरी असायला हवं. दाजी)

२० मे

दाजी, नमस्कार.

तुमच्याकडून परत येऊन तीन आठवडे झाले. लिहायला बसलो की पहिलंच वाक्य "आक्काला सांगा" असं येतं आणि मी उठून जातो.

शेवटचे पाच दिवस मी तिच्याजवळ होतो, ते तुमच्या निरोपामुळे. ती काय बोलायची ते मला ऐकू येत नव्हतं. ती माझ्या तळहातावर बोटानं ठोकायची, लहानपणी भिंतीवर ठोकून एकमेकांना बोलवायचो तसं. मला वाटतं, ती मोजत होती. तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

तिला पोचवून आल्यावर आपण दहा दिवस एका घरात राहिलो आणि मागचं दार उघडलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही उघडाल. तुम्हाला वाटत असेल, मी उघडीन. फळीचं बोलायला मला तोंड नव्हतं. माझं ते पत्र मी वेळेवर पेटीत टाकलं असतं तर आक्का रागावली असती, पण रागवायला आज असती. हे मी रोज मनात म्हणतो, आज कागदावर लिहिलं.

अवजारांच्या पिशवीत ती सुतळी सापडली. बारा गाठी आहेत. माझ्याकडे ठेवण्यात अर्थ नाही. पाठवतो आहे.

ठोक्या

८ जून

ठोक्या,

सुतळी मिळाली. चार दिवस ती तशीच टेबलावर होती. पाचव्या दिवशी मागचं दार उघडलं.

एक टोक उंबऱ्यावर दगडाखाली ठेवलं आणि सुतळी ओट्यावर सरळ अंथरली. अकरा गाठी फळ्यांवर आल्या. बारावी काठावरून खाली लोंबत राहिली. मी पट्टी काढून मोजलं. का मोजलं विचारू नकोस, मला दुसरं काही येत नाही. चार इंच. ठोक्या, माझ्या नोकरीत एखाद्या दुकानदाराचं माप एवढं कमी निघालं असतं तर मी त्याला पाणी मागू दिलं नसतं.

मग मी त्या सुतळीवरून चालून बघितलं. माझी आठच पावलं झाली. तिचं पाऊल इतकं लहान झालं होतं हे मला माहीतच नव्हतं. तिच्या हातात हात घालून चाललो असतो तरी कळलं असतं.

लाकूड मिळालं. तिच्या शिवणाच्या टेबलाची वरची फळी, तेवढीच रुंद होती. लेक नको म्हणत होती, मी काढली. वाशाला जोड दिला, फळी बसवली, पायऱ्या होत्या तिथे नेल्या. रंग दिला नाही. ती एवढी एक फळी वेगळी दिसते, दिसू दे. सुतळी पुन्हा अंथरली तेव्हा बारावी गाठ लाकडावर आली आणि पुढे दोन इंच जागा उरली. तिच्या अंगठ्यापुरती.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. ती तुझ्या हातावर मोजतच होती. ओठ हलत होते. मी कान नेला होता तोंडाजवळ. अकरापर्यंत यायची आणि परत एकपासून सुरू करायची. बारावं तिनं एकदाही म्हटलं नाही. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुलाही त्या दहा दिवसांत सांगता आलं नाही, म्हणून मागचं दार उघडलं नाही.

पत्र टाकायला तू चुकलास आणि फळी काढायला मी. तुझी चूक मोठी की माझी, हे तोलून बघायचं मी सोडून दिलं आहे.

आता एक काम आहे आणि ते माझ्याच्यानं होत नाही. तिसऱ्या फळीचे चारही स्क्रू मी सैल करून बघितले. कधी ती खडखडते, कधी नुसती दबते. तिचा तो आवाज येत नाही. वर्षभर मी तो दिवसातून वीसदा ऐकला, आणि दर वेळी फक्त एवढंच मनात आलं की हा बंद केला पाहिजे. आता कसा होता ते आठवत नाही. तुला तो कधी ऐकूच आला नाही, पण स्क्रू किती सैल ठेवला होतास ते तुझ्या हाताला ठाऊक असेल.

लेक म्हणते, आता तरी कुलूप लावा. तिला सांगितलं, तुझा मामा येऊन जाऊ दे, मग बघू.

पावसाआधी ये. पुढचं दार वाजवत बसू नकोस, मी मागेच बसलेला असतो. पायऱ्या चढून सरळ वर ये. माप आता बरोबर आहे.

दाजी